कोरोनाच्या खात्यावर मांडा

चौथीतलं एक पोरगं माझ्यासमोर उभं राहून वाचत होतं. डिसेंबर 2021चा पहिला आठवडा. पहिली ते चौथीचे वर्ग 1 डिसेंबरला उघडले होते. कोण कुठे आहे ते पाहावं म्हणून मी मुद्दाम त्याच्या हातात दुसरीचं पुस्तक दिलं. घडाघडा वाचत होता. मान डोलवत, सूर लावून. बोटही ओळीखालून सरकत होतं. मला बरं वाटलं, निदान एक तरी शाबूत राहिला. मग सहज मागे जाऊन डोकावलो, तर बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या. पान संपलं, तरी पान न उलटताच त्याने पुढच्या पानाची पहिली ओळ म्हणून टाकली.

मी त्याला थांबवलं. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. ‘विहीर’. म्हटलं, एवढाच वाच. त्याने पुस्तकाकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी मास्क हनुवटीवर ओढला होता. माझे ओठ कोणत्या अक्षरासाठी उघडतात ते तो बघत होता. आणि खरं सांगायचं तर माझे ओठ उघडत होते. मलाच कळलं नव्हतं. ‘वि’साठी दात ओठावर टेकले होते. तो लगेच म्हणाला, “विमान.”

मी गेली तेवीस वर्षं जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक आहे. त्या वेळी अमळनेर तालुक्यातल्या पांझरेकाठच्या एका दोन शिक्षकी शाळेत होतो. गावाचं नाव लिहीत नाही. चुका माझ्या आहेत, गावाच्या नाहीत.

त्याच महिन्यात केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांची, शिक्षण परिषद झाली. बोलायला उभा राहिलो आणि त्या पोराची गोष्ट सांगितली. शब्दही बरे सापडले. “दोन वर्षांत पोरांची पाटी कोरी झाली हो,” म्हणालो. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या अभ्यासातले आकडे मोबाईलमध्ये होते, तेही वाचून दाखवले. 2021च्या जानेवारीत त्यांनी पाच राज्यांतली सोळा हजारांवर मुलं तपासली होती. 92 टक्के मुलं भाषेतली निदान एक तरी गोष्ट विसरली होती, जी त्यांना आदल्या वर्षी येत होती. गणितात 82 टक्के. त्या पाच राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण मध्य प्रदेश होता, आणि तो आमच्या सातपुड्याच्या पलीकडेच. माना डोलल्या. चहा आला. एका जुन्या मित्राने पाठीवर थाप मारून सांगितलं, चांगलं मांडलंस.

‘मांडलंस’ हा शब्द तेव्हा कानावरून गेला. आमच्याकडे किराणा दुकानात उधारीवर माल घेतला की म्हणतात, खात्यावर मांडा.

पुढच्या आठवड्यात एका पालकाला मुलाच्या जन्मतारखेचा उतारा हवा होता. लोखंडी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात उंदरांनी एक गठ्ठा कुरतडला होता, तो बाहेर काढताना 2019-20ची नोंदवही हाती आली. त्या वर्षी माझ्याकडे पहिली-दुसरी होती. पुढे तेच वर्ग घेऊन मी तिसरी-चौथीपर्यंत आलो, म्हणजे हे पोरगं पहिल्यापासून माझंच. त्याचं पान काढलं. दुसरी, प्रथम सत्र, भाषा. माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत: ‘समजपूर्वक वाचन करतो. कविता तालासुरात म्हणतो. नवीन शब्दांचा वापर करतो.’ श्रेणी अ-2. खाली माझी सही. तारीख ऑक्टोबर 2019.

कोरोनाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हाची.

ती नोंद कशी लिहिली गेली ते मला नीट आठवलं. न आठवून कसं चालेल, दर सत्राला तशीच लिहायचो. आम्हा शिक्षकांत वर्णनात्मक नोंदींच्या पीडीएफ फिरतात. विषयवार चाळीस-चाळीस वाक्यं तयार. दिवाळीच्या सुटीआधी धुळ्यात घरी बसून, टीव्हीवर मॅच लावून, मी ती उतरवून काढायचो. पहिल्या मुलाला पहिली तीन वाक्यं, दुसऱ्याला पुढची तीन, चाळीस संपली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे त्याच्या वाट्याला ‘समजपूर्वक वाचन’ आलं ते हजेरीपटावरच्या क्रमांकाने. त्याच्या पुढच्या मुलीला ‘शुद्धलेखनाकडे लक्ष देते’ आलं. ती बिचारी तेव्हा अक्षरंही उलटी काढायची.

‘कविता तालासुरात म्हणतो’ हे मात्र खरं होतं. त्यानेच तर मला फसवलं. म्हणजे, मीच स्वतःला फसवून घेतलं.

याच्याही आधीचं एक पाप आहे. 22 जून 2015च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं. कल्पना वाईट नव्हती: प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, आणि शिकलं की नाही हे तपासलं पाहिजे. पण थोड्याच दिवसांत आमच्यात चर्चा एकच, कोणाची शाळा प्रगत झाली आणि कोणाची राहिली. आमचीही झाली. चाचणीच्या दिवशी मी वर्गातून फेऱ्या मारत होतो आणि ज्या मुलाजवळ थांबायचो त्याच्या कागदावर बरोबर उत्तर उगवायचं. फलक रंगवून घेतला. पेंटरला साडेतीनशे रुपये दिले. अजून आहे तो भिंतीवर, साने गुरुजींच्या फोटोशेजारी. अमळनेर तालुक्यात गुरुजींचा फोटो नसलेली शाळा सापडायची नाही. अमळनेरच्याच प्रताप हायस्कूलात त्यांनी 1924 ते 1930 मास्तरकी केली. त्या फोटोखाली बसून मी काय काय लिहिलं, याचा विचार न केलेलाच बरा.

आता टाळेबंदीकडे येतो.

कागदावर मी मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच, राहत होतो. ग्रामसभेचा ठराव जोडला होता, घरभाडे भत्ता उचलत होतो. प्रत्यक्षात धुळ्यात देवपुरात राहायचो आणि जोडीदार शिक्षकासोबत मोटारसायकलवर अप-डाऊन करायचो. एक दिवस त्याची गाडी, एक दिवस माझी. अर्ध्या जिल्ह्याचे शिक्षक हेच करतात, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. मार्च 2020च्या मध्यात शाळा बंद झाल्या, मग देश बंद झाला, आणि एका रात्रीत धुळे-अमळनेर रस्त्यावरची जिल्ह्याची हद्द सरहद्द झाली. मी एका जिल्ह्यात, पोरं दुसऱ्या जिल्ह्यात. मधे पोलीस आणि ई-पास.

गावात राहत असतो तर? मारुतीच्या पारावर पाच-सहा पोरं घेऊन बसायला मला कुणी अडवलं नसतं. शेतीची कामं चालूच होती, माणसं वावरात जातच होती. गाव अडीच महिने तसं शांत होतं, आजार पुढे आला. पण मी देवपुरात गच्चीवर शतपावली करत होतो आणि ग्रुपवर लिहीत होतो: ‘घरी राहा, सुरक्षित राहा.’

जूनमध्ये व्हॉट्सअॅपवर वर्गाचा ग्रुप काढला. तेवीस पोरं, ग्रुपवर नंबर नऊ. त्या नऊमधले दोन एकाच घरातले, आणि एक नंबर सुरतेत कामाला असलेल्या काकाचा. बाकीच्यांना फोन लावायचो. एकीच्या घरी लावला तर तिनेच उचलला. “गुरुजी, मोबाईल आज घर शे. पप्पा वावरमा गयात तं इसरी गयात.” तिला कोण आनंद! मी विचारलं, अभ्यास पाहिला का? म्हणाली, “कोनता?” मग मी तिला अभ्यास सांगायचा, की दोन गोष्टी विचारायच्या, की एखादी ओळ वाचून घ्यायची? मी म्हणालो, “पप्पांना सांग, ग्रुप बघायला.” आणि ठेवला. कारण मला त्या दिवशी एक लिंक भरायची होती.

लिंक. त्या दोन वर्षांचा इतिहास कुणी लिहिला तर या शब्दाला एक प्रकरण द्यावं लागेल. ‘अति तातडीचे. आज दुपारी दोनपर्यंत भरणे.’ एकूण पट, स्मार्टफोन असलेले पालक, साधा फोन असलेले, टीव्ही असलेले, रेडिओ असलेले, आणि शेवटचा रकाना: शिक्षणाच्या प्रवाहात असलेले विद्यार्थी. मी भरला: 21. तेवीसपैकी एकवीस. हे एकवीस मी कसे जमवले ते ऐका. नऊ ग्रुपवरचे. पाच ‘शेजारच्या मोबाईलवर’. शेजाऱ्याला विचारलं नव्हतं. उरलेले सात टीव्हीवाले. जुलै 2020पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची. मालिका फार चांगली होती, उगाच नाव ठेवणार नाही. पुस्तकातले धडे घरातल्या आणि अंगणातल्या खेळांतून मांडलेले होते. पण घरात टीव्ही आहे म्हणजे पोरगं ‘टिलीमिली’ बघतं, हे गणित माझं. वीज कोणत्या वेळेला असते, रिचार्ज संपलाय का, रिमोट कोणाच्या हातात असतो, यातलं काही मी विचारलं नाही. दोन राहिले, ते आईबापाबरोबर गुजरातेत गेले होते. त्यांनाही धरलं असतं, पण शंभर टक्के लिहिलं की चौकशी होते, हे अनुभवाने माहीत होतं.

पुढे ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’चा 2021चा अहवाल वाचला तेव्हा हसू आलं, तेही बरं नसलेलं. देशातल्या ग्रामीण भागात 67.6 टक्के शाळकरी मुलांच्या घरांत स्मार्टफोन होता, आणि अशा घरांतल्याही 26.1 टक्के मुलांच्या हाती तो पडतच नव्हता. त्यांनी निदान विचारलं तरी होतं.

सप्टेंबरमध्ये ई-पास गेला. मग ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’चं सर्वेक्षण आलं. हातात थर्मल गन, ऑक्सिमीटर, गळ्यात ओळखपत्र. दिवसाला पन्नास घरं. माझ्या तेवीसच्या तेवीस पोरांच्या दारात मी त्या महिन्यात गेलो, गुजरातेतून परतलेल्या त्या दोघांच्याही. आजीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, बापाचं तापमान लिहिलं, मधुमेह आहे का विचारलं. पोरं दारातच उभी असायची, माझ्याकडे बघत. एकाने विचारलंही, “गुरुजी, शाळा कव्हय उघडी?” म्हटलं, उघडेल लवकर. आणि पुढच्या घराकडे वळलो. एकाही घरात मी म्हणालो नाही की, आण रे तुझं पुस्तक, वाच दोन ओळी. प्रत्येक घरात पाच मिनिटं थांबत होतो. सहावं मिनिट लागलं असतं, एवढंच.

त्या काळात मी शाळाही भरवली, फोटोपुरती. नोव्हेंबरात एक दिवस कडुनिंबाखाली चुन्याने गोल आखले, गोलागोलात सहा पोरं बसवली, मास्क लावले, सॅनिटायझरची बाटली पुढे ठेवली. सहाच का? बाकीची आईबरोबर कापूस वेचायला गेली होती, आठ-नऊ वर्षांची पोरंसुद्धा. किलोमागे पैसे मिळत होते, शाळा नव्हती, मग पोर घरी कशाला ठेवायचं? फोटो ग्रुपवर टाकला. ‘स्तुत्य उपक्रम’, अंगठे, फुलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. चुन्याचे गोल पुढे बरेच दिवस दिसत होते.

खरी शाळा गावात एकच चालू होती, आणि ती माझी नव्हती. मराठी शाळेच्या मागच्या गल्लीत बारावी झालेली एक सून होती. माहेर शिंदखेड्याकडचं. तिच्या ओट्यावर संध्याकाळी दिवेलागणीला पाच पोरं जमायची. आधी तिचा स्वतःचा मुलगा, मग शेजारची. हे मला कळलं, मी गेलो, कौतुक केलं, फोटो काढला आणि अहवालात लिहिलं: ‘शाळेचा उपक्रम: ओट्यावरची शाळा. मार्गदर्शक:’ आणि पुढे माझं नाव. तालुक्याच्या पुस्तिकेत ते छापून आलं. तिला ती पुस्तिका मी कधी दाखवली नाही.

डिसेंबर 2021मध्ये वर्ग तपासला तेव्हा तिच्या ओट्यावरची पाचही पोरं गोष्ट वाचत होती. मी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी साधी तपासणी लावली होती, असरवाल्यांसारखी. गोष्टीपर्यंत पोचलेली एकूण सातच. त्यातली पाच तिची. मग मी पहिल्यांदा तिला विचारायला गेलो, तू काय करत होतीस? तिला प्रश्नच कळेना. म्हणाली, काही नाही सर, आधी ती घरात बोलतात तसं बोलून घ्यायचे. विहिरीवर कोण गेलं होतं, काय झालं, आपल्या अहिराणीत. मग तेच पाटीवर लिहायचे, तसंच, अहिराणीतच. पोरांना आपलं बोलणं लिहिलेलं दिसलं की वाचावंसं वाटतं. पुस्तक नंतर.

मी खानदेशातलाच. माझी आई मरेपर्यंत अहिराणीशिवाय बोलली नाही. आणि इतकी वर्षं मी वर्गात कुणी ‘शे’ म्हटलं की दुरुस्त करत आलो होतो: ‘शे’ नाही, ‘आहे’ म्हण. पोरं मग बोलायचीच कमी. पाठ करून म्हणायची. पाठ केलेल्यात चूक निघत नाही ना.

घरातलं सांगतो. ते लपवलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. माझा मुलगा 2020-21ला दहावीत होता. ग्रुपवर नऊ नंबर होते त्याच जूनमध्ये मी त्याला साडेबारा हजारांचा फोन घेतला, टेबल घेतलं, ऑनलाइन क्लास लावला. त्याच्या खोलीचं दार बंद असायचं, आतून मास्तरांचा आवाज यायचा, मला समाधान वाटायचं. माझ्या पोरांचा टीव्ही आणि माझ्या पोराचं बंद दार, दोन्हींवर मी सारखाच विश्वास ठेवला.

त्या वर्षी दहावीची परीक्षाच रद्द झाली. गुण दिले ते असे: नववीच्या निकालावरून 50, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाचे 30, गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20. आता ही मुलं नववीत असताना, 2020च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या सत्राची परीक्षा झालेलीच नव्हती. पायाच अर्धा. 16 जुलै 2021ला निकाल लागला, राज्याचा 99.95 टक्के. संकेतस्थळ तासन्‌तास उघडेना. माझ्या मुलाला 91. ते तीस आणि वीस गुण कसे भरले जातात हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? त्याच महिन्यात मी, मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायच्या सेतू अभ्यासक्रमाच्या चाचणीचे गुण धुळ्यात बसून अंदाजाने भरत होतो. पंचेचाळीस दिवसांचा तो सेतू मी पीडीएफ पाठवून बांधला होता. तरी पेढे आणले. स्टेटस ठेवलं. आणि त्या 91च्या जोरावर, तो कॉमर्स म्हणत असताना, त्याला सायन्सला घातलं.

2023च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याने बारावीचे पेपर दिले. बोर्डाची आयुष्यातली पहिलीच लेखी परीक्षा. त्या पूर्ण तुकडीचीच पहिली. फिजिक्सच्या पेपरानंतर केंद्राबाहेर उभा होतो. तो मनगट चोळत आला. म्हणाला, येत होतं त्यातलंही सोडलं, हात चालेना. तीन तास सलग त्याने कधी लिहिलंच नव्हतं. निकाल 47 टक्के. मी घरात ओरडलो आणि शेजाऱ्यांना सांगितलं, काय करणार, कोरोनाची बॅच. ते त्याने ऐकलं. रात्री जेवताना मान खाली घालूनच म्हणाला, “पप्पा, कोरोना होता तेव्हा तुम्ही घरातच होता ना?”

बायकोने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. कुणी काही बोललं नाही. आता तो बी.कॉम. करतोय, बरं चाललंय. त्याबद्दल माझ्याकडे शब्द नाहीत आणि श्रेयही माझं नाही.

जुनी नोंदवही सापडली त्यानंतर मी दोनशे पानी वही घातली. प्रत्येक पोराला एक पान, पानावर मधोमध रेघ. डावीकडे ‘मार्च 2020ला खरोखर काय येत होतं’, उजवीकडे ‘आज काय येतं’. डावी बाजू भरायला नोंदवहीचा उपयोग शून्य. मग घरोघर जाऊन पहिली-दुसरीच्या जुन्या वह्या मागितल्या. काहींनी रद्दीत घातल्या होत्या, काहींच्या चुलीत गेल्या होत्या, पण चौदा पोरांच्या मिळाल्या. वही खोटं बोलत नाही. फळ्यावरून उतरवलेलं अक्षर सुबक असतं आणि स्वतःहून लिहिलेलं कसं असतं, ते शेजारशेजारच्या पानांवर दिसतं. त्या पोराच्या वहीत फळ्यावरची पानं सुरेख. श्रुतलेखनाच्या पानावर पहिल्या शब्दात ‘क’, दुसऱ्यात ‘क’, तिसऱ्यात ‘क’, आणि खाली माझी लाल शाईतली बरोबरची खूण. वीस वह्या पुढ्यात असल्या की खूण करताना डोळे पुढच्या वहीवर असतात.

त्या चौदांत मला दोन जाती दिसल्या. ज्यांना 2020च्या मार्चमध्ये खरोखर वाचता येत होतं, ती डिसेंबर 2021मध्ये अडखळत होती, जोडाक्षराला थबकत होती, हातचा विसरली होती. पण संक्रांतीपर्यंत हळूहळू मार्गाला लागली. मधे जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या तरी टिकली. त्यांचं जे गेलं ते कोरोनाने नेलं, आणि बरंचसं परत आलं. दुसरी जात होती त्या पोरासारख्यांची. त्यांचं गेलं काहीच नव्हतं. गाठीशी असेल तर जाईल ना. चौदांपैकी सहा तसे निघाले.

कोरोनाने नुकसान केलं नाही, असं म्हणणाऱ्याला मी माझ्या वर्गात आणून बसवीन. ओट्यावरच्या त्या पाचांनासुद्धा चौथीत भागाकार नव्याने शिकवावा लागला. दोन मुली सुटल्या त्या सुटल्याच, त्यांच्या थोरल्या बहिणींची त्या दीड वर्षात लग्नं उरकली आणि घर यांच्यावर पडलं. गुजरातेत गेलेल्या दोघांतला एक सर्वेक्षणानंतर पुन्हा गेला तो आलाच नाही. हे सगळं खरं आहे.

पण 2022चा असरचा अहवाल पुढच्या जानेवारीत आला तेव्हा आम्ही शिक्षक एकमेकांना एकच ओळ पाठवत होतो: तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचं देशाच्या ग्रामीण भागातलं प्रमाण 2018मध्ये 27.3 टक्के होतं, ते 20.5वर आलं. बघा, केवढा खड्डा. मीही पाठवली. रात्री पुन्हा वाचली तेव्हा नजर दुसऱ्याच आकड्यावर अडकली. खड्डा सात टक्क्यांचा. आणि 2018मध्ये, सगळं सुरळीत असताना, शाळा भरत असताना, शंभरातल्या ज्या 72-73 पोरांना वाचता येत नव्हतं, ती कोणाच्या खात्यावर? पाचवीचं तसंच: 50.5 टक्क्यांवरून 42.8. आधीही निम्मी वाचत नव्हतीच.

त्या सहा पोरांना घेऊन मी रोज मधल्या सुटीनंतर बसायला लागलो. ओट्यावरच्या बाईंची पद्धत उचलली, या वेळी त्यांचं नाव सांगून. आधी अहिराणीत बोलायचं. चूक काढायची नाही. माझे ओठ हलू नयेत म्हणून मी पोरांच्या मागे उभा राहायचो. ती सवय मोडायला मलाच महिना लागला. ते पोरगं मार्चमध्ये शब्द वाचायला लागलं. ‘विहीर’ त्याने वाचला त्या दिवशी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, खात्री करायला. एप्रिलपर्यंत लहान वाक्यं, धापा टाकत. तेवढ्यात चौथी संपली. आमची शाळा चौथीपर्यंतच.

वर्षअखेरीच्या नोंदी मी पहिल्यांदाच पीडीएफ न उघडता लिहिल्या. त्याच्या पानावर लिहिलं: ‘काना-मात्रेचे शब्द वाचतो. जोडाक्षरे येत नाहीत. पाठांतरावर भर आहे, न पाहिलेला मजकूर द्यावा.’ भेटीला आलेल्या साहेबांनी ते वाचलं. रागावले नाहीत, समजुतीने म्हणाले, “गुरुजी, नोंदी सकारात्मक ठेवायच्या असतात. येत नाही असं लिहायचं नसतं.” साहेब गेल्यावर मी बराच वेळ बसून राहिलो. मग नवं प्रगतिपुस्तक घेतलं आणि लिहिलं: ‘वाचनाची आवड आहे. कविता तालासुरात म्हणतो.’ श्रेणी ब-1.

जूनमध्ये तो शेजारच्या गावातल्या शाळेत पाचवीला गेला. पंधरा दिवसांनी तिथल्या वर्गशिक्षकांचा फोन आला. तरुण आवाज, नवीन असावेत. म्हणाले, “सर, तुमच्याकडून आलेला एक मुलगा आहे, भाषेत ब-1 आहे, पण वाचता तर काहीच येत नाही. काय प्रकार आहे?”

दोनशे पानी वही माझ्या समोरच्या टेबलावर होती. त्याचं पान उघडून मी सगळं सांगू शकलो असतो: काय येतं, काय नाही, कुठून सुरुवात करा, अहिराणीत बोला, मागे उभे राहा.

मी म्हणालो, “अहो, कोरोनाची बॅच आहे ती.”

“हो, तेही खरंच म्हणा,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.